कॅल्शियम पंपाचे निरोधक : निष्कर्षांची चिकित्सा

कंकाल स्नायूचे शिथिलीकरण पेशीद्रव्यातील कॅल्शियम आयन सार्कोप्लाज्मिक रेटिक्युलममध्ये परत नेले जाण्यावर अवलंबून असते. हे कार्य 'सर्का' हे विकर करते. एटीपीचा एक रेणू खर्चून ते दोन कॅल्शियम आयन आत नेते. या विकरावर रसायनांचा परिणाम तपासणारे लेखन विपुल आहे. त्यातील निष्कर्षपद्धती मात्र पुन्हा तपासण्याजोगी आहे.

पहिला आक्षेप मापनाविषयी. फिस्के व सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये दिलेली फॉस्फेटमापनाची पद्धत सुलभ असल्याने एटीपीचे विघटन मोजून पंपाचे कार्य मोजल्याचे मानले जाते. ही दोन्ही मापे एक नव्हेत. बंद पुटिकांमध्ये कॅल्शियम साठत गेले की पंप मंदावतो. ए२३१८७ या आयनवाहकाने पटलातून कॅल्शियमची गळती सुरू झाली की एटीपीचे विघटन वाढते, पण साठा होत नाही. केवळ फॉस्फेट मोजणारा अभ्यासक या रसायनास 'उत्तेजक' ठरवील. कॅल्शियमचे ग्रहण मोजणारा नेमका उलट निष्कर्ष काढील.

दुसरा आक्षेप मात्रेविषयी. थॅप्सिगार्जिन सर्काशी एकास एक प्रमाणात व अत्यंत घट्ट जुळते. त्यामुळे परिणामास लागणारी मात्रा नमुन्यातील पंपाच्या प्रमाणानुसार बदलते. प्रथिनाचे प्रमाण न देता केवळ निरोधकाची संहती नोंदविल्यास दोन प्रयोगांची तुलना अर्थहीन ठरते.

तिसरा आक्षेप विशिष्टतेविषयी. व्हॅनडेट सर्काप्रमाणेच सोडियम-पोटॅशियम पंपही रोखते. म्हणून अखंड स्नायूवरील त्याचा परिणाम एकट्या सर्काच्या नावे जमा करता येत नाही. कॅफीनमुळे पेशीद्रव्यातील कॅल्शियम वाढते, ते मुख्यत्वे रायनोडीन ग्राही उघडल्यामुळे. कॅल्शियमची वाढ हा पंप बंद पडल्याचा पुरावा नव्हे.

या निरोधकांचे मोल याने कमी होत नाही. टोयोशिमा व सहकाऱ्यांनी २००० मध्ये सर्काची कॅल्शियमयुक्त रचना आणि २००२ मध्ये थॅप्सिगार्जिनबद्ध, कॅल्शियमविरहित रचना प्रसिद्ध केली. त्यांतून पंपाच्या हालचालीचे स्वरूप स्पष्ट झाले. मात्र उत्तम साधन सदोष मापनाची भरपाई करीत नाही. विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासताना एटीपीचे विघटन आणि कॅल्शियमचे ग्रहण ही दोन्ही मापे मागण्याचा आग्रह आपण मार्गदर्शकांनीच धरावयास हवा. अन्यथा गळक्या पुटिकेलाच आपण कार्यक्षम पंप म्हणत राहू.