उजेडाआधीचा आकडा

ईव्ह क्यूरीनं १९३७ साली आईचं चरित्र लिहिलं, 'मादाम क्यूरी'. त्यातला एक प्रसंग पुस्तक न वाचलेल्यांनाही माहीत असतो: मेरी आणि पिएर रात्री पॅरिसमधल्या आपल्या शेडमध्ये जातात आणि अंधारात रेडियमचा निळसर उजेड बघत बसतात. प्रसंग सुंदरच आहे. पण माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. पुस्तक मिटल्यावर तो उजेड आणि कष्ट एवढंच लक्षात राहतं. विचार मागे पडतो.

तो विचार १८९८ चा. मेरी इलेक्ट्रोमीटरनं युरेनियमची संयुगं मोजत होती. संयुग कुठलंही असो, किरणोत्सार त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणात. म्हणजे हा गुण अणूचाच. मग पिचब्लेंड या खनिजाचं रीडिंग शुद्ध युरेनियमच्याही वर गेलं. चाल्कोलाइटचंही तेच. तिनं शुद्ध रसायनांपासून चाल्कोलाइट स्वतः बनवलं. ते मात्र हिशेबात बसलं. यंत्र बरोबर, नियम बरोबर. मग खनिजातच काहीतरी अनोळखी होतं.

रोज डीबगिंग करणाऱ्या मला खरा थरार इथे वाटतो. पुढचं टनावारी खनिज आणि १९०२ मध्ये हाती आलेलं जेमतेम दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड, हे सगळं त्या न जुळलेल्या आकड्यावरच्या विश्वासातून आलं.

ईव्हचा जन्म १९०४ चा. ती रात्र तिनं फक्त ऐकलेली. लेकीनं ती जीव लावून लिहिली, हे समजतं. पण त्यामुळे मेरी आपल्याला आधी कष्टाळू म्हणून भेटते. ती आधी शंकेखोर होती.

पुस्तक जरूर वाचा. फक्त इलेक्ट्रोमीटरची पानं घाईत उलटू नका.