'सञ्चिच्च' म्हणजे केवळ 'जाणूनबुजून' नव्हे

विनयाच्या मराठी अनुवादांत 'सञ्चिच्च' या शब्दासाठी 'जाणूनबुजून' हा पर्याय आमच्या वाचनात वारंवार येतो. तो रूढ असला, तरी आमच्या मते अपुरा आहे.

'सम्' उपसर्गपूर्वक 'चित्' धातूचे हे ल्यबन्त रूप. 'सत्य'चे 'सच्च' होते, त्याच नियमाने 'संचित्य'चे 'सञ्चिच्च'. 'चेतना' व 'सञ्चेतनिक' हे शब्द याच कुळातले. अभिधर्मकोशात वसुबंधूने प्राणातिपाताच्या व्याख्येत 'संचिन्त्य' हे रूप योजले आहे. मराठीतील 'संचित' मात्र 'चि' म्हणजे साठविणे या धातूपासून आलेले आहे. ध्वनिसाम्यामुळे 'सञ्चिच्च'चा संबंध पूर्वसंचिताशी जोडलेला आम्ही एका व्याख्यानात ऐकला आहे. त्याला आधार नाही.

अर्थाचा खरा कस पाचित्तिय 61 व 62 या नियमांत लागतो. पहिला नियम उदायीने कावळे बाणांनी मारले त्या प्रसंगावरून झाला. तेथे शब्द आहे 'सञ्चिच्च'. दुसरा सजीव पाणी वापरण्याविषयीचा; तेथे शब्द आहे 'जानं'. पाणी वापरणाऱ्याला जीव मरतील हे ठाऊक असते, पण त्यांना मारणे हा त्याचा हेतू नसतो. दोन्हीकडे 'जाणूनबुजून' लिहिले की विनयकारांनी जपलेला हा भेदच पुसला जातो.

तिसऱ्या पाराजिकाचे पदभाजनीय 'जानन्तो'वर थांबत नाही. पुढे 'चेच्च' व 'अभिवितरित्वा' ही पदे जोडते. समन्तपासादिकेनुसार 'चेच्च' म्हणजे वधाच्या चेतनेने योजून, आणि 'अभिवितरित्वा'मध्ये निःशंक होऊन कृतीस प्रवृत्त होणे अभिप्रेत आहे. म्हणजे जाणीव, संकल्प आणि संकोच सोडणे, तिन्ही हवीत. मात्र 'पूर्वनियोजित' हा आधुनिक कायद्यातील शब्दही येथे चालणार नाही. आधीपासून कट रचलेला असावा, अशी अट येथे नाही. क्षणापूर्वीचा संकल्पही पुरतो.

याच पाराजिकाच्या विनीतवत्थूत वस्त्राखाली झाकलेले मूल न दिसल्याने एक भिक्षू आसनावर बसतो आणि ते मूल मरते. भगवान त्याला पाराजिकातून मुक्त ठरवितात. पण यापुढे न पाहता आसनावर बसणे हे दुक्कट, असेही सांगतात. हेतूचा अभाव आणि निष्काळजीपणा यांचा निवाडा येथे वेगवेगळा झाला आहे.

आम्ही 'हेतुपुरस्सर' हा शब्द सुचवितो. पालीत 'हेतु' म्हणजे कारण, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण अनुवाद मराठी वाचकासाठी असतो, आणि मराठीत 'हेतू' म्हणजे उद्देश. पाचित्तिय 62 मध्ये 'जाणून' एवढेच ठेवावे.