प्रवासवर्णनातील कडा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मनोहरगडाला खेटून असलेल्या मनसंतोषगडाची वाट तुटलेली असून माथा गाठण्यास प्रस्तरारोहणाचाच आश्रय घ्यावा लागतो. अशा दुर्गम कातळांविषयी मराठीत लेखन विपुल आहे. तथापि त्यात कडा येतो तो बहुधा इतिहासाचा साक्षीदार म्हणून. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’तही डोंगराची ओढ शिवकालाच्या ओढीपासून निराळी काढता येत नाही. उलटपक्षी, अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून (१९४०) पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंतचे (१९६०) परदेशवर्णन शहरांत व माणसांत रमते, डोंगर तेथे फार तर देखावा होतो.

केवळ कातळासाठी परदेशी जाणारा आरोहक या दोन्ही परंपरांत बसत नाही. जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर धातूच्या पाचरी आणि हातांना लावावयाची पांढरी भुकटी निषिद्ध आहे; गाठी मारलेले दोर फटींत अडकवून त्यांवर भिस्त ठेवावी लागते. मऊ दगड झिजू नये म्हणून स्थानिकांनी पाळलेला हा संकेत पाहुण्यालाही बंधनकारक असतो. प्रवासवर्णनाची खरी सामग्री ही होय. उंची, श्रेणी व वेळ नोंदवून थांबणारा लेखक मोहिमेचा अहवाल तेवढा सिद्ध करतो.

परिभाषेच्या उणिवेची सबबही (ती वारंवार पुढे केली जाते) टिकणारी नाही. कपार, खोबण, घळ, नाळ, सोंड हे शब्द सह्याद्रीच्या वाटाड्यांच्या तोंडी रुळलेले आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांत वावरलेल्या मालवणच्या वाचकाला एल्बकाठचा वालुकाश्म बोटांखाली कसा लागतो, हे त्याच शब्दांनी सांगता येण्याजोगे आहे.