भरलेली माती, सोडलेली माती: एका गोर्यो वाडग्याविषयी

आज एकच भांडं पाहायचं आहे. कोरियातल्या गोर्यो राजवटीतला (९१८ ते १३९२) सेलॅडॉनचा, म्हणजे हिरवट झिलईचा वाडगा. उंची साधारण ६ सेंटिमीटर, तोंडाचा व्यास १७ सेंटिमीटरच्या आसपास. ओंजळीत सहज मावेल. तो सापडला मुन गोंग-यू या अधिकाऱ्याच्या थडग्यात. हे गृहस्थ ११५९ साली वारले. तेव्हा वाडगा त्याआधीचा किंवा फार तर त्याच वर्षाचा, एवढं पक्कं. कोरियात त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान आहे.

या भांड्याबद्दल बोलताना सगळे आधी तंत्राचं कौतुक करतात. तंत्र कौतुकाचं आहेच. भांडं अर्धवट सुकलेलं असताना नक्षी कोरायची, त्या चरांत दुसरी माती भरायची, वरचं जास्तीचं खरवडून टाकायचं, एकदा भाजायचं, मग झिलई देऊन पुन्हा भट्टीत. भरलेली पांढरी माती पांढरीच राहते, लोहयुक्त तांबूस माती काळी होते. आपल्याकडचं बिदरीकाम डोळ्यांसमोर आणा. पण तिथे धातूत चांदी बसते, इथे मातीत माती. दोन माती भाजताना सारख्या आकसल्या नाहीत, तर काम फुकट! कोरियन भाषेत याला सांगगाम म्हणतात.

पण आम्हांला अडचण वेगळीच वाटते. ११२३ साली शू जिंग हा चिनी दूत गोर्योला गेला होता. तिथल्या भांड्यांच्या रंगाची त्याने तारीफ केली, मात्र या भरणकामाविषयी अवाक्षर लिहिलं नाही. म्हणून भरणकाम त्यानंतरचं, असं पुष्कळ अभ्यासकांनी मानलं. एका माणसाच्या न लिहिण्यावर इतका भार टाकावा का, हा प्रश्न आहेच. तरी एक खरं, की गोर्योच्या भांड्यांचं नाव झालं ते रंगामुळे. आणि भरणकाम म्हणजे त्या रंगावर दुसरं काहीतरी आणून बसवणं. शिवाय खालची नक्षी दिसायची तर झिलई पातळ नि पारदर्शक हवी. म्हणजे रंगाची ती खोल, किंचित धुकट गंमत थोडी सोडायची. हा व्यवहार फायद्याचा ठरलाच, असं आपण गृहीत का धरावं?

या वाडग्याची आतली बाजू बघा. मधोमध एका छोट्या वर्तुळात फूल, आणि त्याभोवती काठापर्यंत चढत गेलेल्या वेली. पहिल्या नजरेला, खरं सांगायचं तर, गर्दीच वाटते. छायाचित्रात तर जास्तच. पण जरा थांबून पाहिलं की कळतं, वेल भरलेली नाहीच! वेलीभोवतालची जागा कोरून तिथे पांढरी माती भरली आहे, आणि वेल म्हणून जी दिसते ती भांड्याची मूळ माती, झिलईखालून हिरवी दिसणारी. याला उलटं भरणकाम म्हणतात. आमच्या मते सगळी मेख इथे आहे. कारागिराने रंगावर चित्र चढवलं नाही, रंगालाच चित्र केलं. ज्या हिरव्यासाठी ही भांडी नावाजली, तो हिरवा इथे मागे पडत नाही, वेल होऊन वर येतो.

पुढे हे टिकलं नाही. १२३१पासून मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या. चौदाव्या शतकापर्यंत झिलईचा रंग मळकट होत गेला, आणि हाताने कोरण्याऐवजी ठशांनी नक्षी उठवणं वाढलं. फुलं वाढली, रंग गेला. त्या भांड्यांवर प्रेम करणारे आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण तिथे नक्षी झिलईला काही देत नाही, एवढं म्हणावंसं वाटतं.

आणि आता हाच वाडगा पालथा करून बघू. बाहेरच्या बाजूला काठालगत वेलीचा एक अरुंद पट्टा, त्याखाली पाच ठिकाणी शेवंती. बाकी सगळं मोकळं, नुसती झिलई. आत इतकी दाटी करणारा माणूस बाहेर पाच फुलांवर थांबला.