मित्र, कॅमेरा आणि ‘स्वमग्न’ हा शब्द

‘ऑटिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतः’ असा असल्याने हे भाषांतर चुकीचे म्हणता येत नाही. तथापि मराठी वाचकाच्या मनात त्यातून उभा राहतो तो स्वतःतच रमलेला, इतरांची गरज नसलेला माणूस. अशा माणसाला मित्र असू शकतो काय, या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर हा शब्दच देऊन टाकतो. त्यामुळे एखादा विद्यार्थी-दिग्दर्शक आपल्या स्वमग्न मित्रावर चित्रपट करावयास घेतो, तेव्हा त्याची पहिली झुंज या शब्दाशीच असते.

मराठीत या विषयाच्या जवळ जाणारी कलाकृती म्हणजे ‘चौकट राजा’ (१९९१). त्यातील नंदू स्वमग्न नाही. बालपणीच्या अपघातामुळे त्याची बौद्धिक वाढ खुंटलेली आहे. त्याच्या आयुष्यात परतणारी बालमैत्रीण मीनल हा कथेचा कणा होय. दिलीप प्रभावळकरांचा अभिनय थोर खराच, परंतु प्रेक्षकाची दाद अखेर नटाच्या कौशल्याला मिळते आणि नंदूच्या वाट्याला करुणा तेवढी उरते. ‘यलो’ (२०१४) मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर आली, तेव्हा हे अंतर बरेच कमी झाले.

विद्यार्थिदशेतील दिग्दर्शक आणि तिचा मित्र यांचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रेचेल इस्राएल हिने ब्रँडन पोलान्स्की या आपल्या स्वमग्न मित्राच्या प्रेमकथेवर ‘कीप द चेंज’ हा लघुपट केला (२०१३). पुढे २०१७ मध्ये त्याचाच पूर्ण लांबीचा चित्रपट झाला आणि ट्रायबेका महोत्सवात तो गौरविला गेला. हा माहितीपट नव्हे; कथापट आहे. मात्र नायक ब्रँडनच आहे आणि नायिका सामंथा एलिसोफोन हीदेखील स्वमग्न आहे. यातील नायक वेळी-अवेळी अभद्र विनोद करतो, आपले वेगळेपण लपवू पाहतो, प्रसंगी चीडही आणतो. मित्राचे दोष दाखविण्याचे हे धैर्य दयाबुद्धीने केलेल्या चित्रपटांत सहसा आढळत नाही. प्रस्तुत लेखकास त्या चित्रपटाचे मोल येथेच वाटते.

माहितीपटाच्या अंगाने पाहिल्यास फ्रेंच अभिनेत्री सांद्रीन बोनेर हिचा बहीण साबीनवरील चित्रपट (२००७) अधिक बोचतो. मनोरुग्णालयातील पाच वर्षांपूर्वीची हसरी साबीन आणि नंतरची जड, मंदावलेली साबीन अशी दोन्ही चित्रे त्यात शेजारी ठेवलेली आहेत. सांद्रीन जुन्या प्रवासाचे चित्रण बहिणीला दाखविते आणि साबीन रडू लागते. हा प्रसंग चित्रित करावा काय, असा प्रश्न पडतो. पण तो वगळला असता, तर जिच्यावर चित्रपट आहे तीही आपले चित्र पाहू शकते, हे प्रेक्षकाला कळलेच नसते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा फार फोडून सांगण्याची गरज नसावी. वाघ, नक्षलवाद आणि समाजसेवा या तीन चौकटींत बाहेरच्या कॅमेऱ्यांनी हे दोन जिल्हे वर्षानुवर्षे बसविले आहेत. आपल्याविषयीचा माहितीपट आपल्याला न दाखविताच गेला, हा अनुभव येथे नवा नाही. (मोबाईलवर चित्रण करणारे आपले विद्यार्थीही शेजारच्या गावात गेल्यावर नेमके तेच करतात, हेही नमूद करावयास हवे.)

येथे आणखी एक अडचण आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने तिला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. परंतु प्रमाणपत्रासाठी निदान लागते आणि निदानाची परिभाषा मराठी वा इंग्रजी असते. भामरागड, एटापल्लीकडील माडिया घरातला मुलगा मुळातच बोलत नाही, की केवळ शाळेच्या भाषेत बोलत नाही, हे परक्या तपासनिसाला एका भेटीत कसे उमगावे? ते त्याच्यासोबत मोहफुले वेचलेल्या मित्राला ठाऊक असते. हा मित्र जेव्हा कॅमेरा हाती घेईल, तेव्हा त्याने निवेदकाचा आवाज बाजूस ठेवून आपलाच आवाज, मित्राला मारलेली हाक आणि उत्तर येईपर्यंतचा सारा वेळ, संकलनात न कापता ठेवावा. मराठी उपशीर्षकेही त्या मित्राला शेजारी बसवून, दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवीत लिहावीत. आणि एखाद्या दृश्यावर तो उठून गेला, तर ते दृश्य काढून टाकावे.