नमुना कोणी घेतला, कसा घेतला?

(पुस्तक : व्हॉट द आइज डोन्ट सी. लेखिका : डॉ. मोना हॅना-अत्तिशा. प्रकाशक : वन वर्ल्ड, २०१८.)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ पासून डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीचे पाणी नळांना सोडण्यात आले. हेतू खर्च वाचवण्याचा होता. हे पाणी जास्त गंजकारक होते, आणि नळांच्या आत संरक्षक थर टिकवणारे फॉस्फेट त्यात मिसळले गेले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. अधिकारी मात्र पाणी सुरक्षित असल्याचेच सांगत राहिले. त्याच शहरातील एका बालरोगतज्ज्ञाने लिहिलेली ही हकीकत आहे.

लेखिकेने पाणी तपासले नाही. तिने रुग्णालयात आधीच नोंदलेले, मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे चाळले. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण पाणी बदलल्यावर २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते, असे पुढे तिच्या शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. २४ सप्टेंबर २०१५ रोजी तिने आपले निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा सरकारी यंत्रणेने ते आधी खोडून काढले आणि काही दिवसांतच मान्य केले. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचे पाणी पुन्हा सुरू झाले. हा भाग इतका जिवंत उतरला आहे की पुस्तक खाली ठेववत नाही. इराकमधून आलेल्या आपल्या कुटुंबाची कथाही लेखिका सांगते. ती काहींना लांबलेली वाटेल, पण तिच्या हट्टाचे मूळ तिथे सापडते.

आमची तक्रार वेगळी आहे. कथेच्या ओघात पाण्याच्या नमुन्यांचे शास्त्र मागे पडते, आणि शिक्षकांना नेमके तेच हवे असते. शहराकडेही प्रयोगशाळेचे अहवाल होतेच. मग चूक कुठे झाली?

नियम असा, की पाणी किमान सहा तास नळात मुरू द्यावे आणि पहिल्या धारेचा एक लिटर नमुना घ्यावा. फ्लिंटच्या नागरिकांना दिलेल्या सूचनेत मात्र आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहू द्यायला सांगितले होते. अशाने नळात साठलेले शिसे आधीच वाहून जाते. शिवाय सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडून शेकडा नव्वदाव्या जागी येणारा आकडा १५ पीपीबीपेक्षा (अब्जात १५ भाग) जास्त असला, तरच कारवाई बंधनकारक होती. २०१५ च्या पहिल्या सहामाहीतील ७१ नमुन्यांपैकी दोन वगळण्यात आले. त्यांतला एक १०४ पीपीबीचा होता. त्या घरात गाळणयंत्र आहे, हे कारण दिले गेले. वगळण्याला नियमांचा आधार होता, पण निर्णायक आकडा १८ वरून ११ वर आला आणि शहर उत्तीर्ण झाले.

ऑगस्ट २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने नागरिकांना सुमारे ३०० संच पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या : पहिली लगेच भरायची, दुसरी ४५ सेकंदांनी, तिसरी दोन मिनिटांनी. पहिलीत घरातल्या नळाचे पाणी येते, दुसरीत रस्त्यावरून घरात येणाऱ्या जोडनळाचे, तिसरीत मुख्य वाहिनीचे. शिसे कुठून येते तेही त्यामुळे कळते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही फेब्रुवारी २०१६ मध्ये, आदल्या रात्री पाणी सोडण्याची सूचना देऊ नये असे कळवले.

हे वर्गात जरूर सांगावे. पोटॅशियम आयोडाइडने येणारा पिवळा साका आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो, पण भारतीय मानकाची पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प प्रमाणात हा साका दिसणार नाही. साका दिसला नाही म्हणून पाणी शुद्ध, असा निष्कर्ष कोणी काढू नये. शाळेच्या नळाचे पाणी तपासायचे झाल्यास सोमवारी सकाळी पहिल्या धारेची एक बाटली आणि दोन मिनिटांनंतरची दुसरी, दोन्हींवर वेळ लिहून, चांगल्या प्रयोगशाळेकडे द्यावी.

पुस्तक इंग्रजीत असले तरी भाषा सोपी आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते असावे, आणि वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आधी ७१ आणि ६९ नमुन्यांची ही गोष्ट सांगावी.