वाचकांचा पत्रव्यवहार आणि लेख : तीन मराठी नियतकालिकांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नियतकालिकाचा वाचकवर्ग वाढू लागला की संपादकापुढे एक पेच उभा राहतो. वाचकांच्या पत्रांना व वादांना अधिक जागा द्यावी, की विचारपूर्वक सिद्ध केलेल्या लेखांना? पत्रे वाढली तर अंक विस्कळीत होतो. केवळ लेख छापले तर वाचक निव्वळ श्रोता उरतो. हा प्रश्न सामान्यतः पानांच्या वाटणीचा मानला जातो. मराठी नियतकालिकांचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

विवेचन

भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक सुरू केले. १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने त्यात पत्रे लिहिली. तीच पुढे 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध पावली. मराठी वैचारिक निबंधाची एक महत्त्वाची सुरुवात अशा रीतीने पत्राच्या रूपात झाली. पत्ररूपामुळे एकेक मुद्दा घेऊन थेट व रोखठोक बोलणे शक्य झाले. पत्रव्यवहार हा लेखाचा प्रतिस्पर्धी नसून त्याचे उगमस्थान ठरू शकतो, हे येथे दिसते.

याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची १८७४ मध्ये सुरू झालेली 'निबंधमाला' प्रामुख्याने एकाच लेखणीवर चालली. सात वर्षांतील ८४ अंकांनी मराठी गद्याला सलग युक्तिवादाची शिस्त व डौल दिला, हे निर्विवाद आहे. परंतु लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावर तीत कठोर टीका झाली. आणि एकहाती मासिकाच्या रचनेत प्रतिपक्षाला समान जागा मिळणे कठीणच असते. शैलीचा लाभ झाला, संवादाची बाजू मात्र उणी राहिली.

र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) या दोहोंच्या मधला मार्ग दाखवते. संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांवरील लेखांबरोबरच वाचकांच्या शंका व त्यांची उत्तरे त्यात छापली जात. समाजात उघडपणे विचारता न येणारे प्रश्न या सदरामुळे विचारता आले. त्याची किंमतही मोजावी लागली. अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली, तरीही कर्वे यांना दंड झाला. प्रश्न वाचकाचा असला तरी उत्तराची जबाबदारी संपादकाचीच असते, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

समतोलाची कसोटी पृष्ठसंख्येत नाही. वाचकाच्या पत्रातील प्रश्न लेखाचा विषय होतो का, आणि लेखाला मिळालेले उत्तर त्याच पानांवर येते का, हीच खरी कसोटी होय. 'शतपत्रे' आज अभ्यासक्रमात स्वतंत्र निबंध म्हणून वाचली जातात. ज्या साप्ताहिकाच्या पानांवर ती अवतरली, तो संदर्भ दृष्टीआड होतो. वाद वगळून केवळ लेख जपले, तर विचारांचा इतिहास एकतर्फी बनतो. नियतकालिकांच्या मूळ अंकांचे वाचन म्हणूनच मराठीच्या अध्यापनाचा भाग होणे आवश्यक आहे.